ओळखीचं आमंत्रण

लेखकाच्या इनबॉक्समध्ये एखादं नाव अवचित उगवतं. ज्या संपादकांनी कधीकाळी कथा साभार परत केली, तेच आता लिंक्डइनवर ओळख जोडू म्हणतात. लेखक लगेच मनातल्या मनात मांडे खाऊ लागतो : दिवाळी अंकासाठी तर नसेल?

जरा थांबावं. 2003 साली सुरू झालेल्या या संकेतस्थळाला सदस्यानं आपल्या ईमेलमधले पत्ते उघडून दिले, की त्यातल्या कितीतरी जणांना एका दमात आमंत्रणं जाऊ शकत. उत्तर आलं नाही, तर त्याच्याच नावानं आठवण करून देणारे ईमेलही जायचे. त्यावरून अमेरिकेत खटला झाला. 2015 मध्ये कंपनीनं 1 कोटी 30 लाख डॉलरची तडजोड मान्य केली. म्हणजे संपादकसाहेबांना कदाचित पत्ताच नसायचा!

ओळख खरी असेल तर खुशाल स्वीकारावं. नसेल तर सोडून द्यावं. तसं केल्याचा निरोप समोरच्याला जात नाही. मात्र स्वीकारताक्षणी चारशे पानांची कादंबरी धाडणं, हे जरा फारच होतं. त्याऐवजी दोन ओळी लिहाव्यात : आमंत्रण मिळालं, कसे आहात, हल्ली काय वाचताय? उत्तराला वेळ लागला तर लागू द्यावा. संपादकांना तो लागतोच.