दुखावते ते काय?

श्रद्धा दुखावली, असे जो तो म्हणतो. पण दुखावते ते नेमके काय, हे आम्हांस तपासावेसे वाटते. २०१२ साली मुंबईस विलेपार्ल्याच्या वेलंकणी चर्चमधील क्रुसावरच्या ख्रिस्तमूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. भाविक ते तीर्थ म्हणून घेत. सनल एडामारुकू नावाचे नास्तिक गृहस्थ आले, त्यांनी पाहिले, नि सांगितले की तुंबलेल्या मोरीचे पाणी भिंतीत झिरपून वर चढते आहे. वर, चर्च चमत्कारांचा व्यापार करते, असेही बोलले. झाले! माफी मागा म्हणून हाकाटी, पोलिसांत तक्रारी, कलम २९५ अ. गृहस्थ फिनलंडला निघून गेले.

आता मोरीचे पाणी मोरीचे म्हटल्याने ख्रिस्ताचे काय उणे झाले? व्यापार हा शब्द मात्र भाविकाच्या जिव्हारी लागला असेल, तो अगदीच निष्पाप नव्हता. पण लागला म्हणून फौजदार बोलवावा काय? आमच्या पुण्याने तर आगरकरांची ते जिवंत असतानाच प्रेतयात्रा काढली. त्याने कोणाचा देव वाढला?

चंद्रभागेचे पाणी गढूळ आहे, असे उद्या कोणी नास्तिक वाळवंटात उभा राहून म्हणाला, तर वारकरी बंधूंनो, आपण आधी पाणी पाहू की म्हणणाऱ्याचे तोंड?