बांधावरचा आवळा

वाटणीत बांधावरचा आवळा थोरल्या भावाकडं गेला. निम्म्या फांद्या मात्र आमच्या रानावर. त्या सावलीत आमची ज्वारी खुरटायची. मग फळ एकट्या त्याचं कसं, असं मी मनाशी म्हणायचो. विचारावं तर आमचं बोलणं बंद.

आई माझ्याकडं असायची. कार्तिकात तिला मोरावळा घालायचा असे, आणि पडका आवळा त्याला चालत नाही. मार लागलेलं एक फळ सगळी बरणी नासवतं. एका वर्षी मी पहाटेच्या अंधारात पाटीभर आवळे काढून आणले. कुठनं आणले, आईनं विचारलं नाही. काट्यानं टोचून रात्रभर तुरटीच्या पाण्यात ठेवले, धुऊन वाफवले, दोनतारी पाकात सोडले. महिनाभर मुरल्यावर निम्मा मोरावळा दुसऱ्या बरणीत काढला, वर दादरा बांधला अन् म्हणाली, "थोरल्याला देऊन ये."

"निम्मा दिला म्हंजे फिटलं का गं?"

"साखर माझी, ती मी दिली. आवळ्याचं तुझं तू बघ."

बरणी वहिनीच्या हातात दिली. दादा ओसरीवरच बसला होता. माझं तोंड काही उघडलं नाही. चार दिवसांनी बरणी धुऊन, पुसून परत आली. त्यानं ओळखलं होतं, की आईच्या हातचं म्हणून नुसतं खाल्लं?

दादा गेला. आता पुतण्या म्हणतो, "काका, न्या की हवे तेवढे." मी दिवसाउजेडी काढतो. तरी पाटी भरताना एकदा त्यांच्या वस्तीकडं बघितलं जातंच.