नकाशावर सही करायला आला आहात?

माना वर करा. लाज वाटायचीच होती तर अहवाल लिहिताना वाटायला हवी होती.

निम्म्या वर्गाने एकच वाक्य उतरवलंय: ‘नकाशानुसार प्रत्येक मजल्यावर कॅव्हिटी बॅरियर आहेत.’ नकाशानुसार! मग साइटवर कशाला गेला होतात, पार्किंग बघायला? लंडनच्या ग्रेनफेल टॉवरलाही पोकळीत आग अडवणारे हे बॅरियर होते, पण कित्येक ठिकाणी धड बसवलेले नव्हते. १४ जून २०१७ ला चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजची आग खिडकीच्या कडेने बाहेरच्या आवरणात, क्लॅडिंगमध्ये शिरली. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमधलं पॉलिइथिलीन वितळत, पेटत, ठिबकत राहिलं. माथ्यावरच्या शोभेच्या पट्ट्याने तीच आग इमारतीभोवती आडवी फिरवली. ७२ माणसं गेली. हे सगळं परीक्षेत घडाघडा लिहिता. मग खिडकीलगतचं एक पॅनेल उघडून दाखवा म्हणायला तुमची जीभ का रेटली नाही?

पुण्यात अमुक वर्षं साइट केली, हे मला सांगू नका. ती गिलाव्याची भिंत. इथे लंडनमध्ये पोकळीवर टांगलेलं आवरण आहे. आत काय दडलंय ते ठोकून कळत नाही.

मागच्या बाकांवरचे, तुम्ही हसू नका. तुमचं पाप वेगळं. बुटकी इमारत, दोन विटांच्या भिंती, मधल्या पोकळीत फोम. अंगाशी यायला नको म्हणून ठोकून दिलंत ‘बी २’, म्हणजे दुरुस्ती हवी! हा शेरा ज्यावर जातो तो बाहेरच्या भिंतींचा ईडब्ल्यूएस १ फॉर्म डिसेंबर २०१९ मध्ये आला तो घराचं मूल्यांकन करणाऱ्यांसाठी, बँकेसाठी. तुमच्या त्या एका शेऱ्याने कोणाचं तरी घर विकायचं राहतं, कर्ज अडतं. जळणारं काही सापडलं की हात झटकायचे नसतात. बाहेरच्या भिंतींचा आगीचा धोका तपासायचं पास ९९८० हे मानक २०२२ मध्ये आलं ते यासाठीच: किती जळेल, कुठे जळेल, आगीला वर चढायला वाट आहे का, माणसं वेळेत बाहेर पडतील का, हे तोलायचं असतं. तुम्ही तोललं नाहीत, घाबरलात. भित्र्याचा शेरा आणि आळशाचा शेरा, माझ्या लेखी दोन्हींना शून्य.

अहवाल उचला. भिंत कुठे कुठे उघडायची, त्याच्या खुणा करून आणा आणि प्रत्येक खुणेपुढे कारण लिहा. कारण नसलेली खूण मी खोडेन. मालक उघडू देत नसेल तर तसं लिहा आणि सहीची जागा कोरी ठेवा. शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत. नंतर आलेलं वाचणार नाही.