अदृश्य मिळकतीची वही

लोणारच्या सरोवराकाठी प्रवाशांस वाट दाखवून पोट भरणाऱ्यास पगारपत्रक कोठले? कोणी शंभर देतो, कोणी नुसताच नमस्कार. मग कोणी न पाहिलेली ही आवक त्याने रोजकीर्दीत का लिहावी? कराच्या भयाने कित्येक ती टाळतात. परंतु स्मृती मोठी पक्षपाती कारकून आहे. भरला दिवस ती ठळक टिपते, रिकामा गाळते. २०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झाले, आणि टाळेबंदीमुळे ते पाहावयास प्रवासीच नव्हते! ती तूट किती, हे आदल्या वर्षाच्या आकड्यांवाचून कसे सांगणार? शिवाय, करासाठी मिळकत निम्मी लिहिणाऱ्यास पुढे कर्ज मागताना पेढीवर तीच निम्मी वही उघडावी लागते.