जाब कशाचा मागायचा?

जानेवारी २०१७ मध्ये इंदूरच्या होळकर स्टेडियमवर मुंबई रणजी करंडकाचा अंतिम सामना हरली. गुजरातला चौथ्या डावात ३१२ धावा हव्या होत्या. त्यांतल्या १४३ एकट्या पार्थिव पटेलनं काढल्या. मुंबईचं बेचाळिसावं विजेतेपद हुकलं. प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. आदल्याच मोसमात त्यांच्या हाताखाली मुंबईनं हाच करंडक जिंकला होता. तरी पुढच्या मोसमाला मुंबईनं समीर दिघे यांना आणलं आणि पंडित विदर्भाकडे गेले. १ जानेवारी २०१८ रोजी, त्याच होळकर स्टेडियमवर, विदर्भानं दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं आणि पहिल्यांदाच रणजी करंडक नागपूरला नेला. पुढच्या वर्षी पुन्हा नेला.

भाईंदर पूर्वेच्या गोडदेव नाक्यावर असो की शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, ही हकीकत एकाच सुरात सांगितली जाते: बघा, मुंबईनं हिरा घालवला. हरला म्हणून माणूस बदलणारी संघटना आणि जिंकला म्हणून त्याच माणसाला डोक्यावर घेणारे आपण, यांच्यात वाटतो तेवढा फरक नाही. दोघांचं माप एकच आहे, शेवटच्या दिवसाचा निकाल. प्रशिक्षकाची पारख या मापानं होते का, एवढाच प्रश्न इथे जरा सावकाश बघायचा आहे.

विदर्भाच्या त्या पहिल्या विजेतेपदाआधी कोलकात्यात कर्नाटकाविरुद्ध उपांत्य सामना झाला. कर्नाटकाला जिंकायला १९८ धावा हव्या होत्या आणि ते पाच धावांनी हरले. रजनीश गुरबानीनं त्या डावात सात बळी घेतले. एखाद्या तळाच्या फलंदाजाच्या बॅटची कड लागून चेंडू स्लिपमधून सीमेपार गेला असता आणि दोन धावा आणखी चोरता आल्या असत्या, तर विदर्भ अंतिम सामन्यात पोचलाच नसता. पंडितांच्या नावापुढे त्या वर्षी काहीही लागलं नसतं. पण मोसमभर त्यांनी जे केलं त्यातलं काय बदललं असतं? सराव तोच, संघ तोच, शिस्त तीच. बदललं असतं ते फक्त आपलं मत.

शिवाय विदर्भ काही ओसाड माळ नव्हता. संघटनेनं आधीपासून अकादमीवर पैसा आणि वेळ घातला होता. वसीम जाफर मुंबई सोडून तिथे आला होता. फैज फजलसारखा मुरलेला कर्णधार होता, आदित्य सरवटे होता, गोलंदाजांवर मेहनत घ्यायला सुब्रोतो बॅनर्जी होते. पंडित गेल्यानंतर काही वर्षांनी, २०२४-२५ च्या मोसमात, उस्मान घनी यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भानं पुन्हा रणजी जिंकली. म्हणजे जमीन सकस होती हे उघड आहे.

मग पंडितांचं काहीच नव्हतं म्हणावं, तर २०२२ चा जून आठवावा लागतो. बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर मध्य प्रदेशानं अंतिम सामन्यात मुंबईला सहा गडी राखून हरवलं. मध्य प्रदेशाचं ते पहिलं रणजी विजेतेपद आणि प्रशिक्षक पंडितच. मुंबई, विदर्भ, मध्य प्रदेश. तिन्ही ठिकाणी माणसं वेगळी, खेळपट्ट्या वेगळ्या, सवयी वेगळ्या. एकदा करंडक मिळाला तर त्यात नशिबाचा हिस्सा किती हे सांगता येत नाही. तीन घरं बदलूनही तेच घडत असेल तर त्यात त्या माणसाचं काहीतरी नक्की आहे. निकालाला अर्थ नसतो असं मी म्हणत नाहीच. एका निकालाला फार थोडा असतो.

ते 'काहीतरी' काय होतं? पंडितांच्या शिस्तीच्या गोष्टी क्रिकेटमध्ये सर्वांना ठाऊक आहेत. तितकीच ठाऊक असलेली दुसरी गोष्ट म्हणजे, काम हाती घेताना ते पूर्ण मोकळीक मागून घेतात. संघ कसा घडवायचा, सराव कधी आणि किती, कुणाला बसवायचं, यात लुडबूड चालत नाही. अशा माणसाला जाब विचारणं सोपं असतं, कारण सूत्रं त्याच्याकडेच असतात. यश त्याचं आणि अपयशही त्याचंच.

आता हाच माणूस आयपीएलमध्ये बघा. कोलकाता नाइट रायडर्सचे मुख्य प्रशिक्षक म्हणून २०२३ मध्ये पंडित आले आणि संघ सातवा आला. त्यांची कडक पद्धत परदेशी खेळाडूंना जाचली, असं त्या संघातला डेव्हिड वीसा पुढे एका मुलाखतीत म्हणाला. २०२४ मध्ये गौतम गंभीर मार्गदर्शक म्हणून आला आणि कोलकात्यानं विजेतेपद पटकावलं. श्रेय कुणाला मिळालं हे सांगायला नकोच. दोन महिन्यांच्या आत गंभीर भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. मग २०२५. गंभीर नाही, विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार श्रेयस अय्यर संघात ठेवलेला नाही. पंजाबनं त्याला २६.७५ कोटींना घेतलं आणि तो पंजाबला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. कोलकाता आठवं आलं. त्या जुलैत पंडित संघापासून वेगळे झाले.

म्हणजे संघ जिंकला तेव्हा मुख्य प्रशिक्षक कुणाला दिसला नाही आणि हरला तेव्हा तोच तेवढा दिसला. खेळाडू ठेवायचे, सोडायचे, लिलावात किती बोली लावायची हे अशा संघात मालक, मुख्य अधिकारी आणि प्रशिक्षक मिळून ठरवतात. मिळून घेतलेल्या निर्णयाची किंमत एकट्यानं मोजायची, हा व्यावसायिक खेळातला जुना रिवाज आहे. मालक स्वतःला काढू शकत नाही, पंधरा खेळाडू एका दिवसात बदलता येत नाहीत, प्रशिक्षक मात्र एका पत्रकात बदलता येतो. हकालपट्टी अनेकदा एवढ्याच सोयीपोटी होते आणि आपण तिला उत्तरदायित्व म्हणतो.

भाईंदरच्या मिठागरांचं उदाहरण घेतो. तयार झालेलं मीठ अवकाळी पावसानं विरघळलं, तर मिठागर सांभाळणाऱ्याला जाब विचारण्यात अर्थ नसतो. पण बांधाला पडलेलं भोक त्यानं बुजवलं नाही, भरतीच्या आधी उघाडीची फळी बसवली नाही, आभाळ भरून आलेलं दिसत असतानाही रास झाकली नाही, तर विचारायलाच हवं. मग त्या वर्षी पाऊस आला नाही आणि पीक उत्तम निघालं, तरीसुद्धा. या वाक्याचा शेवटचा तुकडा लोकांना पटायला जड जातो. करंडक हाती आला की बांधाचं भोक तपासायला कुणी जात नाही.

बास्केटबॉलमध्ये हा हिशेब जास्त स्वच्छ मांडता येतो. क्रिकेटचा प्रशिक्षक सामना सुरू झाला की पायऱ्यांवर बसतो. गोलंदाज बदलणं, क्षेत्ररक्षण लावणं कर्णधाराच्या हाती. बास्केटबॉलचा प्रशिक्षक रेषेला लागून उभा असतो. खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करायची त्याला मुभा आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत पहिल्या अर्धात दोन आणि दुसऱ्या अर्धात तीन टाइमआउट त्याला मिळतात. कोण किती मिनिटं खेळला हे कागदावर उतरतं. त्याचा हात कुठे होता आणि कुठे नव्हता, हे प्रेक्षकालाही दिसतं.

एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या एनबीएमध्ये मिल्वॉकी बक्स हा त्या मोसमातला सर्वाधिक सामने जिंकलेला संघ मायामीकडून पहिल्याच फेरीत १-४ असा हरला. प्रशिक्षक माइक ब्यूडेनहोल्झर यांनी २०२१ मध्ये याच संघाला विजेतेपद मिळवून दिलं होतं. पहिल्याच सामन्यात त्यांचा सर्वोत्तम खेळाडू यानिस अँटेटोकुनम्पो जखमी झाला आणि पुढचे दोन सामने खेळला नाही. हे झालं अवकाळी. पण पाचव्या सामन्यात मायामीनं अखेरच्या क्षणी बरोबरी साधली, तेव्हा ब्यूडेनहोल्झर यांच्याकडे टाइमआउट शिल्लक होते आणि त्यांनी ते घेतले नाहीत. जादा वेळेत संघ हरला. आठवडाभरानं त्यांची नोकरी गेली. निव्वळ मालिका हरल्याबद्दल काढलं असेल तर तो मला अन्याय वाटतो. खिशात राहिलेल्या टाइमआउटबद्दल मात्र त्यांना प्रश्न विचारणं रास्तच होतं, आणि तो प्रश्न संघ जिंकला असता तरी विचारायला हवा होता.

टोरांटोचं उदाहरण तर विनोदीच आहे. ड्वेन केसी यांच्या संघानं २०१७-१८ मध्ये ५९ सामने जिंकले, क्लबच्या इतिहासात तोपर्यंत सर्वाधिक. मग लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलँडनं त्यांना लागोपाठ तिसऱ्या वर्षी बाहेर काढलं. मे महिन्यात केसी यांना नारळ मिळाला आणि जूनमध्ये वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार! त्यांचेच सहायक निक नर्स यांनी पुढच्या वर्षी विजेतेपद मिळवलं. पण तोवर क्वाय लेनर्ड संघात आला होता आणि लेब्रॉन गट बदलून पश्चिमेकडे गेला होता. नर्स चांगले की केसी, हे त्या करंडकावरून ठरवणाऱ्यानं आधी या दोन बदलांचा हिशेब द्यावा.

आपल्याकडे बास्केटबॉलची परंपरा नाही असं नव्हे. मुंबईत नागपाड्याच्या मैदानावर बच्चू खान यांनी घडवलेल्या पोरांतून अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारताचा कर्णधार निघाला. व्यावसायिक लीग मात्र टिकत नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या यूबीए लीगमध्ये मुंबई चॅलेंजर्स होते, पुणे पेशवाज होते. २०१७ नंतर ती बंद पडली. जिथे स्पर्धाच दोन-तीन वर्षांत गुंडाळली जाते, तिथे प्रशिक्षकाचं मूल्यमापन कशावर करणार?

अमोल मुजुमदार यांच्याकडे या दृष्टीनं बघण्यासारखं आहे. २०२२ च्या त्या बंगळुरूच्या सामन्यात हरलेल्या मुंबईचे प्रशिक्षक तेच होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय महिला संघाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. आधीची पाचेक वर्षं त्या खुर्चीवर नुसती ये-जा होती: रमेश पोवार, मग डब्ल्यू. व्ही. रामन, पुन्हा पोवार. रामन यांच्या काळात संघ २०२० च्या टी-ट्वेन्टी विश्वचषकाच्या अंतिम फेरीपर्यंत गेला, तरी २०२१ मध्ये त्यांना पुढे ठेवलं नाही. मुजुमदार यांच्या पहिल्या वर्षात, २०२४ च्या टी-ट्वेन्टी विश्वचषकात, भारत गटातच गारद झाला. जुन्या रिवाजानुसार त्यांचं पत्रक तेव्हाच निघायला हवं होतं. ते निघालं नाही.

२०२५ च्या एकदिवसीय विश्वचषकात भारत साखळीत ओळीनं तीन सामने हरला: दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड. इंग्लंडविरुद्ध सहावा गोलंदाज हवा म्हणून जेमिमा रॉड्रिग्सला बसवलं आणि सामना चार धावांनी गेला. बसवायचा निर्णय चूक होता की बरोबर, यावर वाद घालता येईल; गोलंदाजी कमी पडत होती हे खरंच होतं. मला महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतरचा आठवडा. पुढच्याच सामन्यात जेमिमा परत आली, तिसऱ्या क्रमांकावर गेली, न्यूझीलंडविरुद्ध नाबाद ७६ आणि उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७. २ नोव्हेंबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारतानं विश्वचषक घेतला. त्या १२७ धावा प्रशिक्षकानं काढल्या नाहीत. पण घेतलेला निर्णय फसतोय हे दिसल्यावर अहंकार न धरता तो लगेच फिरवणं, हे संघ चालवणाऱ्यांचं काम होतं आणि ते झालं. उपांत्य सामना हरलो असतो तरी या कामाचे गुण मी कापले नसते.

याच न्यायानं पंडितांना बदलण्याचा मुंबईचा निर्णयही तपासता येतो. विदर्भाचा करंडक त्या तपासणीत आणायचाच नाही, कारण तो तेव्हा कुणालाच दिसत नव्हता. दिसत होतं ते एवढंच: लागोपाठच्या दोन मोसमांत एक विजेतेपद आणि एक अंतिम फेरी. तेवढ्यावरूनही मुंबई चुकली असंच माझं मत आहे. पुढे बेचाळिसावं विजेतेपद यायला मार्च २०२४ उजाडला. मधल्या काळात दिघे, विनायक सामंत, पोवार, मुजुमदार अशी माणसं येऊन गेली आणि ओंकार साळवी यांच्या वेळी करंडक आला. हे सगळे नेमणारे आणि बदलणारे कोण, त्यांच्या निवडीचं मूल्यमापन कधी झालं, हे कुठल्याही बातमीत वाचायला मिळत नाही.

हा सगळा विषय मोठ्या पगाराच्या माणसांपुरता नाही. मे महिन्यात गोडदेव, नवघर, खारीगाव या भागांतून पाठीवर किटबॅग टाकून भाईंदरची लोकल पकडणारी मुलं बघावीत. त्यांचे आईवडील प्रशिक्षकाला विचारतात ते हेच: सर, निवड कधी होणार? इथून तीन स्थानकांवर, बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत, दिनेश लाड यांनी एका ऑफस्पिनर मुलाची फी माफ करवून घेतली, त्याची फलंदाजी हेरली आणि तो रोहित शर्मा झाला. लाड यांना २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तो योग्यच. पण त्यांच्या हाताखालून गेलेली बाकीची शेकडो मुलं भारताकडून खेळली नाहीत म्हणून ते नापास ठरत नाहीत. निवड त्यांच्या हाती नव्हती. मुलाला नीट बघणं होतं.

म्हणून गोडदेवच्या पालकांना एक विनंती. या मोसमाची फी भरण्याआधी सरांना विचारा की तुमच्या हाती नेमकं काय आहे: माझ्या मुलाला नेटमध्ये किती चेंडू मिळणार, त्याच्या चुका कोण टिपून ठेवणार, दुखापत झाली तर थांबवणार कोण. उत्तरं वहीत लिहून ठेवा आणि वर्षाअखेरी त्यांचाच जाब मागा, मुलाची निवड झाली असली तरी आणि नसली तरी. क्रीडा संघटनांनीही एवढंच करावं: नेमणुकीच्या दिवशी प्रशिक्षकाला काय सोपवलं आणि काय स्वतःकडे ठेवलं, ते कागदावर जाहीर करावं. मोसम संपल्यावर त्या कागदाच्या दोन्ही बाजू तपासाव्यात, आणि सुरुवात स्वतःच्या बाजूनं करावी.