साहेब रजेवर गेल्यावर

थॉमस कार्लाइलने 1840 साली लंडनमध्ये विभूतींवर व्याख्याने दिली. जगाचा इतिहास म्हणजे थोर पुरुषांची चरित्रे, हे त्याचे म्हणणे लोकांना इतके पटले की पुढची शंभरेक वर्षे नेतृत्वाचा विचार म्हणजे नेत्याच्या अंगी काय असते याचा शोध होऊन बसला. 1948 मध्ये राल्फ स्टॉगडिलने तोवरचे संशोधन चाळून सांगितले की नुसत्या गुणांच्या यादीवरून नेता ठरत नाही, प्रसंगही पाहावा लागतो. मला मात्र त्याआधी दहाएक वर्षे आयोवात झालेला प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. नाझी सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडलेला ज्यू मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्याचे सहकारी यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे पाच-पाच जणांचे गट केले आणि त्यांना मुखवटे बनवण्यासारखी कामे दिली. कुठे हुकूम सोडणारा प्रमुख, तर कुठे मुलांशी बोलून ठरवणारा. प्रमुख खोलीबाहेर गेला की हुकमी गटातले काम ढेपाळायचे. दुसऱ्या गटात ते जवळपास तसेच चालू राहायचे. नेता जोखायचा तर तो समोर नसताना जोखावा, ही दृष्टी मला या प्रयोगातून मिळते.

1970 मध्ये रॉबर्ट ग्रीनलीफने एका निबंधात ‘सेवक-नेता’ ही कल्पना मांडली. त्याची हयात एटी अँड टी या अवाढव्य टेलिफोन कंपनीत गेली होती. कल्पना सुचली ती हेरमान हेसेच्या कादंबरीवरून. तीत यात्रेकरूंचे सामान वाहणारा लिओ अचानक नाहीसा होतो आणि यात्राच मोडते. पुढे कळते की हा हरकाम्या त्या पंथाचा प्रमुखच होता. कथा हृद्य आहे, पण ग्रीनलीफच्या विचारातला तो सर्वांत कच्चा दुवा आहे असे मला वाटते. कारण त्याच निबंधात त्याने दिलेली कसोटी वेगळी आहे: ज्यांची सेवा केली ती माणसे अधिक शहाणी, अधिक स्वतंत्र झाली का, आणि समाजातल्या सर्वांत वंचिताचे काय झाले? या कसोटीला लिओ उतरत नाही. तो गेला आणि माणसे हतबल झाली. सेवेनेही माणूस पांगळा होऊ शकतो. आयते हातात देत राहणारा नम्र नेता हुकूमशहाइतकीच परावलंबी माणसे तयार करू शकतो.

आपल्याकडे यावर आणखी खोल आक्षेप निघतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1905 मध्ये पुण्यात भारत सेवक समाज स्थापला, तेव्हा सभासदाने शपथा घेऊन आणि पाच वर्षे उमेदवारी करून सेवा पत्करायची होती. पण ज्यांच्यावर सेवा जन्मानेच लादली, त्यांना ‘सेवक’ या शब्दात कसला गौरव दिसणार? सेवा नाकारण्याची मुभा असेल, तरच ती पत्करण्याला अर्थ येतो. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच मी नेत्याच्या नम्रतेला फारशी किंमत देत नाही. न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीनिमित्त 1943 मध्ये पुण्यातच दिलेल्या भाषणात बाबासाहेब आंबेडकरांनी कार्लाइलचा विचार तपासून विभूतिपूजेवर कठोर टीका केली. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत त्यांनी पुन्हा बजावले की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. भक्ती सेवकाचीही होते, किंबहुना त्याची जरा जास्तच होते, कारण सेवकाला प्रश्न विचारणे कृतघ्नपणाचे वाटते.

आग लागल्यावर चर्चा करत बसायचे का, असे कुणी विचारेल. मुळीच नाही, तिथे हुकूमच हवा. पण अग्निशमन दलाचा प्रमुख जायबंदी झाला आणि पाइप धरलेल्या जवानाला पुढचे पाऊल कळले नाही, तर चूक त्या क्षणाची नसते, आधीच्या सरावाची असते. माझ्या हाताखालच्या माणसांबाबत मी स्वतःला विचारायचा प्रश्नही हाच आहे. मी किती राबतो, कुणाचा चहा स्वतः भरतो, याने काहीच सिद्ध होत नाही. मी आठवडाभर रजेवर असताना खिडकीशी अर्ज घेऊन आलेल्या म्हातारीचे काम टेबलावरचा कारकून नियम पाहून, स्वतःच्या जबाबदारीवर करून देतो, की ‘साहेब आले की बघू’ म्हणून तिला परत पाठवतो?