अनुभव कशाचा मोजायचा?

ॲक्शन आणि व्हीआर गेमसाठी गेमप्ले डिझायनर हवा, अनुभव किमान पाच वर्षं, अशी अट घालणं सोपं. हैदराबादच्या नारायणगुड्यातल्या केशव मेमोरियल कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांना ती वाचून घाम फुटतो. पोरांना कोडिंग येतं, पण पाच वर्षं आणायची कुठून? आणि त्या पाच वर्षांत माणसानं नेमकं काय ठरवलं, हे अट घालणाराही विचारत नाही.

साधा तलवारीचा घाव घ्या. स्क्रीनवरच्या गेममध्ये तो बसतो तेव्हा डिझायनर काही फ्रेमपुरतं सगळं थांबवतो. थांबलेलं कुणाच्या लक्षात येत नाही, घाव मात्र जोरकस वाटतो. किती फ्रेम थांबायचं, ते खेळणाऱ्याच्या मागे उभं राहून, आकडा पुन्हा पुन्हा बदलूनच सापडतं. व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून खेळताना, हात खेळणाऱ्याचा स्वतःचा. तलवार ढालीवर अडली तरी हात हवेतून पुढे निघून जातो. मग जड शस्त्र हातामागून जरा रेंगाळत येईल असं करायचं, म्हणजे वजन भासतं. पळण्याचं दुखणं वेगळंच. डोळे म्हणतात पळतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो उभाच आहे, आणि पोटात ढवळायला लागतं. २०२० च्या ‘हाफ-लाइफ: ॲलिक्स’मध्ये म्हणूनच न चालता थेट पुढच्या जागी पोचण्याचीही सोय ठेवली आहे. ॲक्शन गेममध्ये मुरलेल्या माणसाला पळण्यावर काट मारणं जिवावर येतं.

असले निर्णय घेण्याची संधी आपल्याकडे थोड्यांनाच मिळाली. बंगळूरची ध्रुव इंटरॅक्टिव्ह १९९७ मध्ये सुरू झाली, पण तिचं नाव झालं ते परदेशी गेमसाठी चित्रं-मॉडेलं घडवण्यात. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा रीमेक युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होता, २०२२ मध्ये तो माँट्रियलला गेला. याउलट हैदराबादच्या ओगर हेडनं २०१७ मध्ये ‘असुरा’ काढला, पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं क्राउडफंडिंग फसल्यावरही २०२० मध्ये ‘राजी’ पूर्ण केला. माणसं मोजकी, पण राजीचा त्रिशूळ कसा फिरावा हे त्यांनीच ठरवलं.

तेव्हा रेझ्युमेवरच्या बड्या नावांना भुलू नये; त्या गेममध्ये गड्यानं नुसते दगड रंगवलेले असायचे. त्याला विचारावं, तू काय काढून टाकलंस आणि का? मग दोन दिवस देऊन करड्या ठोकळ्यांची एक खोली आणि एक शत्रू बनवायला सांगावं. तयार झालं की ऑफिसातल्या अकाउंटंटला हेडसेट चढवावा आणि आपण उमेदवाराकडे बघावं. तो शेजारून सूचना देत सुटला तर चहा पाजून निरोप द्यावा. मुकाट्यानं अकाउंटंटच्या पावलांकडे बघत राहिला तर पगाराचं बोलावं, मग तो कालपरवा पदवी घेतलेला का असेना. आणि त्या दोन दिवसांचे पैसे दोघांनाही द्यावेत, ठेवलेल्यालाही आणि परत पाठवलेल्यालाही.